बारावा कंप्युटर

कंट्रोल रूमच्या दारावर मी माझ्या हाताने लिहिलेली पाटी होती. ‘आतल्या कंप्युटरला पेनड्राइव्ह, मोबाइल किंवा इतर काहीही लावू नये. लावल्यास गय केली जाणार नाही.’ शेवटच्या वाक्याची तशी गरज नव्हती, पण माझा स्वभावच तसा आहे. साध्या शब्दांत सांगितलं तर माणसं ऐकत नाहीत अशी माझी समजूत, आणि वीस वर्षं दुसऱ्यांचे कंप्युटर सांभाळून ती घट्ट झालेली. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरही माझ्याच अक्षरातली पाटी आहे, आणि तिथेही कुणाची गय केली जाणार नाही.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमची फॅक्टरी. औषधांना लागणारी पावडर तिथे तयार होते. ऑफिस, लॅब, स्टोअर, गेट असे मिळून अकरा कंप्युटर एकमेकांना वायरीने जोडलेले होते. बारावा होता कंट्रोल रूममध्ये. रिॲक्टरचं, म्हणजे रसायन शिजवायच्या दोन मजली बंद हंड्याचं तापमान त्याच्या पडद्यावर दिसायचं. ते हाताबाहेर जायला लागलं तर धोक्याची घंटाही तोच वाजवायचा. हा बारावा मी मुद्दाम कशालाच जोडला नव्हता, इंटरनेटला नाही आणि बाकीच्या अकरांनाही नाही. त्याची सिस्टिम इतकी जुनी होती की बनवणाऱ्यांनीही तिची काळजी घेणं सोडून दिलं होतं, आणि नवी घालावी तर रिॲक्टरचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालत नव्हतं. अशा म्हाताऱ्या यंत्राला जपायचा एकच उपाय, त्याच्या जवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही. तो मी काटेकोर पाळत होतो, वर्षातला एक दिवस सोडून.

तो दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते. पंपांना झेंडूच्या माळा, पॅनलला आंब्याचे डहाळे, बॉयलरपुढे नारळ. कंप्युटरच्या वाट्याला मात्र पूर्वी नुसतं कुंकवाचं बोट यायचं, आणि मला ते फार लागायचं. पंपाला माळ आणि आमच्या खात्याला एक बोट! म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक प्रथा पाडली. प्रत्येक कंप्युटरने आपली आरती आपणच वाजवायची. मी आरत्या भरलेला पेनड्राइव्ह घेऊन गेटपासून सुरुवात करायचो. हळदकुंकू, फूल, पेनड्राइव्ह लावला, आरती झाली, टाळ्या झाल्या, की पुढचा. लोकांना हे इतकं आवडलं की पूजेच्या दिवशी सुट्टी घेणारेसुद्धा त्यासाठी यायला लागले. शेवटचा मान कंट्रोल रूमचा. दारावर पाटी होती, पण ती लिहिणाराच पेनड्राइव्ह घेऊन सगळ्यांच्या पुढे होता. देवाच्या कामासाठी नियम मोडला की तो मोडल्यासारखा वाटतच नाही.

त्या वर्षी माझा जुना पेनड्राइव्ह बिघडला होता. पूजेच्या आदल्या दिवशी प्रिंटरची शाई आणायला उल्हासनगरला गेलो, तेव्हा नवा घेतला आणि तिथल्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानात शिरलो. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सरकारी फॉर्म, गाणी भरून देणं, सगळं तिथे एकाच टेबलावर चालतं. मालक सिंधी, माझ्याच वयाचा.

"आरती ना साईं? ढोलवाली देऊ का? इस साल सब वहीच घेऊन जातात," तो म्हणाला, आणि माझा कोरा पेनड्राइव्ह त्याने आपल्या कंप्युटरला लावला.

सकाळपासून त्याच भोकात किती जणांचे पेनड्राइव्ह जाऊन आले असतील, कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाचा जातीचा दाखला, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता. हाच विचार दुसऱ्यांना शिकवायचा मला पगार मिळतो. पण मी ढोल कसा वाजतोय ते ऐकत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पूजा झोकात झाली. दसऱ्याची आणि तिला जोडून दिलेली अशी दोन दिवसांची सुट्टी गेली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी लॅबमधल्या मॅडमचा फोन आला.

"सर, माझ्या सगळ्या फोल्डरवर खाली एकेक बारीक बाण आलाय. फोल्डर उघडतात, पण आधी पडदा एकदा लुकलुकतो आणि मग उघडतात. चालेल ना?"

मी जाऊन पाहिलं. ते फोल्डर नव्हतेच. खरे फोल्डर लपवून ठेवलेले होते आणि त्यांच्या जागी त्याच नावांच्या खोट्या खुणा मांडल्या होत्या. मॅडमनी खुणेवर क्लिक केलं की आधी आत बसलेला प्रोग्रॅम चालू व्हायचा, आणि तो आपलं काम उरकून मग खरा फोल्डर उघडून द्यायचा. सगळं जागच्या जागी सापडायचं, म्हणून कुणाला शंका येत नव्हती. सकाळपासून मॅडमनी ते दार तीसेक वेळा तरी उघडलं होतं.

लोक व्हायरस आणि वर्म यांत गल्लत करतात. व्हायरसला कुठल्यातरी फाइलच्या पाठुंगळी बसूनच यावं लागतं. वर्मला कुणाची पाठ लागत नाही. तो आपला आपण पूर्ण असतो आणि आपल्या पायांनी फिरतो. एका कंप्युटरमध्ये शिरला की सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, तिथल्याच एखाद्या फाइलला शोभेल असं नाव घेऊन स्वतःची प्रत ठेवतो. यंत्र चालू झालं की आपणही चालू व्हावं अशी नोंद करून ठेवतो. ती नोंद कुणी पुसली तर तासाभराने ती परत लिहावी, असंही एक काम वेळापत्रकात लावून ठेवतो. मग शेजारी कोण आहे ते चाचपतो. आमच्या अकराही कंप्युटरांचा पासवर्ड एकच होता, फॅक्टरीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो ठरवणाराही मीच.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले तेव्हा मी ऑफिसच्या भिंतीवरच्या डब्यासमोर जाऊन उभा राहिलो. अकराही वायरी त्या डब्यात एकत्र येतात आणि प्रत्येक वायरीचा एक हिरवा दिवा असतो. काम चालू असलं की तो लुकलुकतो, नसलं की शांत राहतो. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. अकराही दिवे एकसारखे लुकलुकत होते, क्षणभर थांबत नव्हते. अकरा यंत्रं आपापसांत काहीतरी बोलत होती आणि त्यात आमच्यापैकी कुणाचाही एक शब्द नव्हता. दिवसाउजेडी, बाहेर ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत असताना, मला तिथे एकट्याने उभं राहायची भीती वाटली.

बाराव्याची काळजी मला वाटली नाही. तो कशालाच जोडलेला नव्हता.

त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये ड्यूटीवर जो ऑपरेटर होता, त्याच्याविषयी सांगायला हवं. चाळिशीचा माणूस, बोलायला कमी. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आत, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा पाडा. ठेकेदाराकडून आलेला, पण सात वर्षं त्याच रिॲक्टरवर होता. त्या वर्षी त्याला कंपनीत कायम करायचं घाटत होतं. कागद वर गेले होते, दिवाळीपर्यंत हुकूम निघेल असं सगळे म्हणत होते. पाड्यातून कायम नोकरीला लागणारा तो पहिलाच माणूस ठरला असता. ही गोष्ट फॅक्टरीत सगळ्यांना माहीत होती, मलाही.

दर पंधरा मिनिटांनी पडद्यावरचं तापमान वहीत लिहायचं हे त्याचं काम. दुपारी त्याने एकसष्ट लिहिलं. पुढच्या वेळीही एकसष्ट. तिसऱ्यांदा पेन टेकवलं आणि तो थांबला. माल शिजत असताना आकडा थोडा तरी हलतो, असा चिकटून बसत नाही. दुसरा कुणी असता तर तापमान स्थिर आहे म्हणून खूश झाला असता. हा जिना चढून वर गेला. हंड्याच्या तोंडाशी जुन्या पद्धतीचं काट्याचं मीटर आहे, त्याकडे कुणी बघत नाही. काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. ऐंशीच्या पुढे गेला की तो माल स्वतःच तापत सुटतो, आणि मग त्याला आवरणं माणसाच्या हातात राहत नाही. त्याने थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने पूर्ण उघडला आणि वरूनच ओरडला. घंटा वाजलीच नव्हती.

मी धावत पोचलो तेव्हा काटा उतरायला लागला होता. पडद्यावर मात्र तेच एकसष्ट. माउस हलत नव्हता. कंप्युटरचा पंखा इतक्या जोरात घोंघावत होता की बोललेलं ऐकू येईना. आत वर्म भरला होता. त्याने यंत्राची सगळी ताकद स्वतःच्या प्रती काढण्यात खर्च केली होती आणि पडदा शेवटच्या आकड्यावर गोठला होता. कशालाही न जोडलेल्या कंप्युटरमध्ये तो आला कुठून? मी खाली वाकून पाहिलं. समोरच्या भोकातून एक पांढरी वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला त्या ऑपरेटरचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

माझं डोकं फिरलं. पाच-सहा माणसं जमली होती. त्यांच्या देखत मी त्याच्यावर तुटून पडलो. पाटी दिसत नाही का, डोळे फुटलेत का, सगळ्यांना जाळून मारायचं होतं का, जे तोंडाला आलं ते बोललो. नुकतंच त्याने आम्हाला सगळ्यांना जळण्यापासून वाचवलं होतं हे मला त्या क्षणी दिसत होतं. पण वायरही दिसत होती, आणि वायर माझ्या सोयीची होती.

"साहेब, लावला व्हता, खोटा कशाला बोलू," तो म्हणाला. "पन आजच लावला. बायकोला ताप हाय, फोन बंद पडला तर कसा कलंल म्हनून. आज पयल्यांदाच."

"सगळे पहिल्यांदाच म्हणतात," मी म्हणालो.

प्लांट हेडने मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण त्याच्या टेबलावर परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑडिटची तारीख कायम लिहिलेली असते. "साहेब, आठवड्यात ते लोक येतायत. तापमान गोठलं हे लपवता येणार नाही, रेकॉर्डला आहे. त्यापुढे कारण लिहायला लागेल. ‘तपास चालू आहे’ लिहिलं तर ते नाचतील आपल्या डोक्यावर. कारण सापडलंय ना?"

"सापडलंय," मी म्हणालो, आणि तिथेच बसून लिहून दिलं. ‘ऑपरेटरने नियम मोडून स्वतःचा मोबाइल जोडला, त्यातून वर्म आला.’ खाली सही केली. संध्याकाळी ठेकेदाराने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेटबाहेर उभा होता. नेहमीचा निळा युनिफॉर्म घालून, डबा घेऊन. मी स्कूटर वळवली तेव्हा पुढे आला.

"साहेब, सापडला का कुठून आला तो?"

"चालू आहे काम," मी म्हणालो आणि आत गेलो. नोकरी मागायला आला असेल, असं मला वाटलं.

काम खरंच चालू होतं. वर्म काढायचा तर पहिली गोष्ट, वायरी उपटायच्या, आणि सगळ्या एकदम. एकेक यंत्र साफ करत गेलं तर साफ झालेल्याला शेजारचा लगेच पुन्हा लावतो. मी अकराही वायरी डब्यातून उपटल्या. हिरवे दिवे विझले. मग प्रत्येक कंप्युटर त्याच्या स्वतःच्या सिस्टिमवर न उठवता बाहेरच्या स्वच्छ सीडीवरून चालू केला, म्हणजे आतला झोपलेलाच राहतो. झोपेत त्याची प्रत शोधून काढली. सुरुवातीची नोंद पुसली, वेळापत्रकातलं ते काम पुसलं. पुसायचा क्रम चुकला की उरलेला भाग गेलेल्याला परत लिहून काढतो, म्हणून हे सगळं एका बैठकीत. बाण असलेल्या खोट्या खुणा काढल्या, लपवलेले फोल्डर वर आणले. ज्या फटीतून तो शिरत होता ती बुजवणारी दुरुस्ती अकरांना घातली. बाराव्यासाठी अशी दुरुस्ती कुणी बनवतच नव्हतं. मग पासवर्ड बदलले, प्रत्येकाला वेगळा. शेवटी तपासणीचा प्रोग्रॅम चालवून ‘काही सापडलं नाही’ असा अहवाल आला की तो ऑडिटसाठी पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. बाराही साफ झाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मी कँटीनमध्ये दोन कप चहा घेतला.

पुढच्या सकाळी लॅबच्या मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. बाण परत आले होते.

त्या सकाळीही गेटवर ऑपरेटरने विचारलं होतं, "सापडला का?" मी मान हलवली होती, कुठल्या दिशेने ते मलाही आठवत नाही.

दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी कुणावरच विश्वास ठेवला नाही. कामगारांचे मोबाइल गेटवर ठेवून घेतले, स्टोअरवाल्याच्या खणातले तीन पेनड्राइव्ह जप्त केले, त्याला चार शब्द सुनावले. बाराव्याला साफ केलं, अहवाल उतरवून घेतला आणि लगेच त्याची एकूणएक भोकं चिकटपट्टीने बंद करून पट्टीवर सही केली. आता लावा म्हटलं कुणाला काय लावायचं ते. त्या दिवशी रिॲक्टर बंदच ठेवला होता. पुन्हा चालू करायचा निर्णय माझ्या शब्दावर होता.

तिसऱ्या सकाळी आधी कंट्रोल रूममध्ये गेलो. पट्ट्या जशाच्या तशा होत्या. माझी सही तशीच होती, एकही कोपरा उचकटलेला नव्हता. कंप्युटर चालू केला आणि दोन मिनिटांत पंखा घोंघावायला लागला.

मी त्या खुर्चीत बसून राहिलो. ज्याच्यावर आळ घेतला तो गेटबाहेर होता. खोलीला कुलूप होतं, भोकांना सील होतं. म्हणजे वर्म शिरला होता साफ केल्यानंतर आणि सील लावायच्या आधी. त्या पाच मिनिटांत या यंत्राला काय लागलं होतं? अहवाल. अहवाल उतरवून घ्यायला मी काय लावलं होतं? माझा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला.

आरत्यांचाच पेनड्राइव्ह होता तो. पूजा झाल्यावर आरत्या पुसून त्यात मी तपासणीचा प्रोग्रॅम भरला होता. नवा होता, जागा भरपूर होती, आणि माझा होता, त्यामुळे त्याची तपासणी करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. यंत्र साफ करायचो, साफ असल्याचा दाखला घ्यायला तो लावायचो आणि दाखला घेताना वर्म आत सोडायचो. बाराही ठिकाणी, दोन दिवस, स्वतःच्या हाताने.

घरून जुना लॅपटॉप आणला. त्यात वेगळ्या जातीची सिस्टिम आहे, तिच्यावर हा वर्म चालत नाही आणि तिच्यापासून लपूही शकत नाही. पेनड्राइव्ह लावला. आत एक लपवलेली फाइल होती. तिच्यावर खंडेनवमीच्या आदल्या दिवसाची तारीख, आणि दुपारची वेळ, मी ढोल ऐकत उभा होतो ती. बाराव्या कंप्युटरमध्ये पहिली प्रत केव्हा पडली तेही त्याच्या सिस्टिमच्या जुन्या नोंदींत शोधलं. पूजेच्या दिवशी, आरतीच्या वेळी. ऑपरेटरने मोबाइल लावायच्या तीन दिवस आधी. त्याने लावला तेव्हा वर्म आत येऊन मुरलेला होता. बाण आले तेव्हाच या तारखा काढून पाहिल्या असत्या तर त्याच दिवशी कळलं असतं. पण तेव्हा वायर दिसली होती.

त्यानंतर साफसफाई सोपी होती. पेनड्राइव्ह हातोडीने फोडला. अहवाल पडद्याचे फोटो काढून घेतले. चौथ्या दिवशी बाण आले नाहीत. डब्यावरचे हिरवे दिवे काम असेल तेव्हाच लुकलुकू लागले.

पण ज्या दिवशी मला कळलं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी घरी जायला निघालो. तो ऑपरेटर सकाळपासून गेटवर होता. पुन्हा पुढे आला.

"साहेब, सापडला का?"

माझ्या तोंडून शब्द फुटणार होता. मागे प्लांट हेडची गाडी येऊन थांबली होती, वॉचमन फाटक धरून उभा होता. "बघतोय," मी म्हणालो. स्कूटर वाटेतल्या खरवईपर्यंत कशी चालवली मला माहीत नाही. चौथ्या दिवशी तो गेटवर नव्हता. भात कापायला आलंय म्हणून थांबला असेल, असं वॉचमन म्हणाला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची आजही लाज वाटते.

रोज ठरवायचो, आज सांगतो. ऑडिट होऊन जाऊ दे, मग सांगतो. ऑडिट झालं. त्या लोकांना माझा अहवाल आवडला, कारण स्पष्ट होतं, कारवाई झाली होती. शेवटी मी केबिनचं दार लावून प्लांट हेडला सगळं सांगितलं, पेनड्राइव्ह, आरती, तारखा.

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं. "साहेब, तो रिपोर्ट बंद झालाय. त्यांच्या सह्या झाल्यात. आता उघडला तर मोबाइलवर नाही, आपल्या सगळ्यांवर येईल. तुमच्यावर पहिलं. आणि त्याच्या जागी ठेकेदाराने दुसरा माणूस दिलाय, परवापासून लागलाय तो. तुम्ही मला काही सांगितलं नाही, मी काही ऐकलं नाही. चहा घ्या."

मी चहा घेतला. मी भांडायला हवं होतं. मी, जो झेरॉक्सच्या कागदावरून भांडतो, टाकीच्या झाकणावरून भांडतो. पण आतून मला बरं वाटत होतं की त्याने नाही म्हटलं.

रविवारी दुपारी मी त्याच्या पाड्यावर गेलो. खरं कळल्याला तेव्हा बारा दिवस झाले होते. कशासाठी गेलो ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. निदान त्याला तरी खरं कळावं, एवढंच मनाशी धरलं होतं. रस्ता संपतो तिथे स्कूटर लावून बांधावरून चालत गेलो. दोन्ही बाजूंना कापलेलं भात आडवं पडलं होतं. तो अंगणात भारे रचत होता. मला बघून घाईघाईने अंगात शर्ट घातला, बाज झाडून पुढे ओढली. बायको दारात येऊन उभी राहिली. ताप उतरलेला दिसत होता, पण चेहरा अजून ओढलेला.

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. तुझ्या मोबाइलमधून नव्हता आला. माझ्या पेनड्राइव्हमधून आला, पूजेच्या. मी उल्हासनगरहून आणला होता. तुझी काही चूक नव्हती.

तो ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. मी तयारी करून गेलो होतो. त्याने हातातली पेंढ्याची काडी मोडली आणि विचारलं,

"कदी कललं साहेब?"

बारा दिवस असं सांगायचं होतं. तोंड उघडलं तेव्हा बारा हा आकडा मला उच्चारवेना. तीन दिवस निळ्या कपड्यात डबा घेऊन उभा राहिलेला माणूस समोर होता.

"काल," मी म्हणालो.

त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तो दाराकडे वळून बायकोला म्हणाला, "सांगत नव्हतो मी तुला? साहेब सोडनार नाय, शोधून काडतील." ती पदराने तोंड पुसून आत चहा ठेवायला गेली. तिने चूल फुंकलेली मला ऐकू आली.

मग तो माझ्याकडे वळला. गेल्या सात वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"मंग साहेब, उद्या फर्स्ट शिफ्टला येऊ का सेकंडला?"